पाळण्यातला वरवंटा

शिरसाट काका गेल्यावर वाचनालयाच्या हॉलमध्ये सभा झाली. पाच-सहा जण बोलले. कुणी म्हणालं, त्यांनी जुन्या वस्तू जपल्या. कुणी म्हणालं, असा निःस्वार्थी माणूस होणे नाही. खोटं काहीच नव्हतं. तरी ऐकताना मला वाटत होतं की हे दुसऱ्याच कुणाबद्दल चाललंय. मी मागे चहाच्या थर्मासपाशी उभी होते. लेले मॅडमनी खुणेनं विचारलं, तुम्ही बोलता का? मी मान हलवली. चार माणसांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण लिहिता येतं. मुलीच्या कॉलेजच्या वह्यांत बरीच पानं कोरी राहिलीत. त्या कुणी उघडत नाही, म्हणून त्यात लिहिते आहे.

नौपाड्यात वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या, तेवढंच आमचं संग्रहालय. आत राजे-महाराजांचं काही नाही. ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या गावांत घरोघरी जे होतं ते. मिठागरातली लाकडी फावडी, मासे धरायच्या टोपल्या, जाती, पाटे-वरवंटे, पायल्या, पाळणे. मी खोपटहून चालत यायचे, दहा ते एक झाडलोट करायचे. काका शहाडहून यायचे. तिथल्याच एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये त्यांनी सगळी नोकरी काढली होती. निवृत्त झाल्यावर इथे फुकट काम करत. खाकी अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला दोन पेनं, एक निळं, एक लाल. लाल पेनानं लिहिताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. एकदा विचारलं, तर म्हणाले, "लाल साहेबाचं असतं. आपण साहेब नाही. पण जवळ असलेलं बरं."

स्टोअरची भाषा त्यांच्या तोंडातून गेली नव्हती. चहा आला की "आवक झाली." मी दोन दिवस गावाला निघाले की "सुमनताई जावक." नवी वस्तू आली की आधी हात धुवायचे, मग वस्तू नाकाशी नेऊन वास घ्यायचे. "यात लोणचं होतं. लिंबाचं." "हे माळ्यावर होतं, उंदीर आहेत त्यांच्याकडे." आणलेल्या माणसाला जरा राग यायचा, पण उंदीर असायचेच.

मी कामाला लागले त्या आठवड्यात त्यांच्या टेबलावर एक मोठी लाकडी परात होती. मी पुसायला घेतली, तसं त्यांनी विचारलं, "सुमनताई, तुमच्याकडे याला काय म्हणतात?"

मला वाटलं, पुसायचं चुकलं. मी फडकं मागे घेतलं.

"अहो, नाव विचारतोय. तुमच्या गावाला."

"काठवट," मी म्हटलं. "भाकरीचं पीठ मळायची."

दुसऱ्या दिवशी चिठ्ठी लागली होती. 'काठवट. भाकरीचे पीठ मळण्यासाठी. माहिती : सुमनताई, सातारा बाजू.' मी चिठ्ठीकडे बघितलं आणि कानापर्यंत तापले. म्हटलं, काका, माझं नाव काढा. लोक वाचतील.

"मग कुणाचं घालू? माझं? मला तर ती गुरांना पाणी पाजायची वाटलेली."

नाव तसंच राहिलं. शाळेची मुलं आली की मी दुसऱ्या खोलीत जाऊन बसायचे.

त्यांची एक पद्धत मात्र दुसऱ्या कुठल्या संग्रहालयात असेल असं वाटत नाही. लोक घरातली वस्तू सहजासहजी देत नाहीत. म्हाताऱ्या माणसांना वाटतं, कार्याला लागली तर? मग काका सांगायचे, लागली की घेऊन जा, कार्य झालं की आणून द्या. आणि लोक खरंच न्यायचे. लग्न निघालं की पायली जायची, हळदीला जातं जायचं, डोहाळजेवणाला झोपाळ्याच्या कड्या जायच्या. रिकाम्या जागी काका एक पुठ्ठा ठेवायचे : 'माहेरी गेले आहे.' वैशाखात तर अर्धी खोली पुठ्ठ्यांनी भरायची. एकदा कल्याणहून एक प्राध्यापक पाहुणे घेऊन आले आणि वैतागले. "आज सगळंच माहेरी?"

"लग्नसराई आहे, सर. श्रावणात या. सगळ्या सासरी असतात."

लेले मॅडम संग्रहालयाच्या अध्यक्ष. बाई मनानं चांगल्या, पण हे त्यांना पटायचं नाही. "शिरसाट, हे म्युझियम आहे की भाड्याची भांडी?"

"भाडं घेत नाही, मॅडम."

सगळ्यांत कठीण होत्या खाडीकडच्या गावातल्या भोईर आजी. आता त्या गावाच्या चारी बाजूंनी टॉवर उठलेत, पण आत गल्ली, ओटे, देऊळ तसंच आहे. आजींच्या घरचा पाटा-वरवंटा आणायला काका तीनदा गेले होते. तिसऱ्या वेळी सामान धरायला मी बरोबर होते. आजी ओट्यावर सुकी मासळी निवडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "नवा घर झाला. सुनंला मिक्सर. ने. पन घरान पोर जल्मला का मना परत पायजे, बारशाला. देशील?"

"देईन."

"लिवून दे."

सगळीकडे वस्तू देणारा सही करतो. इथे काकांनी स्वतः कागदावर लिहून दिलं, सही केली, शिवाय आजींनी त्यांचा अंगठाही घेतला. म्हणाल्या, "सही कोनाची बी करता येते." निघताना आजींनी एक पाटा आणि दोन वरवंटे दिले. दोन का, हे काकांनी विचारलं नाही. सगळ्या वस्तूंचं नाव-गाव विचारणारा माणूस, त्या दिवशी मिळालं या आनंदात विसरला. मीही विसरले. पाटा जड होता आणि रिक्षावाला कटकट करत होता.

पुढे कधीतरी एका शाळेत प्रदर्शन होतं. आमच्याकडे एक पाटा वरवंट्याशिवाय आला होता. काकांनी भोईरांचा जास्तीचा वरवंटा त्याच्यावर ठेवला. जोडी बरी दिसली. ती तशीच राहिली.

मग वरच्या स्लॅबचं पाणी आत यायला लागलं. एका सकाळी मी आले तर पाळण्यावर प्लास्टरचा मोठा तुकडा पडला होता. दुरुस्तीचा खर्च ऐकून मॅडमनी ऑनलाइन लिलाव ठरवला. चित्रकारांनी चित्रं दिली, कुणी पैठणी दिली, कुणी जुना ग्रामोफोन. तेवढ्यानं भागेना. मॅडम म्हणाल्या, आपल्याकडे एकसारख्या वस्तू आहेत. पाच पाटे-वरवंटे कशाला? दोन ठेवू, तीन लिलावात घालू.

"एकसारखं काही नसतं, मॅडम."

"शिरसाट, छप्पर पडलं तर पाचही जातील."

काकांनी वस्तूंच्या नोंदींची वही काढली. दोन दिवस ते तीच घेऊन बसले. कुठला कुणाचा, कोण परत मागेल. दोन पाट्यांची घरं गाव सोडून गेली होती, त्यांच्याबद्दल प्रश्न नव्हता. भोईरांचा पाटा त्यांनी आधीच बाजूला काढला. राहिले दोन. एक तो जोडी लावलेला. वहीत त्याच्यापुढे फक्त पाट्याचं लिहिलं होतं : 'वारस नाही.' दुसऱ्याचंही तसंच.

"सुमनताई," त्यांनी विचारलं, "हात लावून सांगा. या दोहोंत कमी वापरलेला कुठला?"

वापरलेला पाटा मध्ये खोलगट होतो. वरवंट्याची एक बाजू सपाट होते, हाताला साबणासारखी लागते. मी दोन्ही वरवंट्यांवरून हात फिरवला. एक गुळगुळीत. दुसरा गोल, टाकीचे ठोके अजून बोटांना लागत होते. त्याच्यावर कधी मिरचीसुद्धा वाटली गेली नसावी. मी म्हटलं, "हा कुणी वापरलेलाच नाही, काका. नवाच म्हणा."

"नक्की?"

मला कुणी असं नक्की विचारत नाही. मला बरं वाटलं. मी म्हटलं, "नक्की."

लिलाव तीन दिवस चालला. शेवटच्या दुपारी मॅडमच्या लॅपटॉपपुढे सगळे जमले. आकडा वाढला की टाळ्या. काका पाठ करून खिडकीशी उभे. प्रत्येक टाळीनंतर विचारायचे, "कोण गेलं?" ग्रामोफोन गेला, पैठणी गेली. मी निवडलेल्या जोडीला कुणीतरी पुण्याहून चांगली बोली लावली, तेव्हा मॅडम म्हणाल्या, "बघा, शिरसाट! दगडाला एवढे!" चार दिवसांनी मी ती जोडी चिंध्या घालून खोक्यात बांधली. लिलावाच्या वेबसाइटवाल्यांनी त्यांच्याच गोदामाचा पत्ता इंग्रजीत छापून पाठवला होता. मी तो नीट चिकटवला. कोपरे सुटू नयेत म्हणून दोनदा हात फिरवला.

स्लॅबचं काम सुरू झालं आणि दोन महिन्यांत भोईर आजी आल्या. नातसुनेला मुलगा झाला होता. जिना चढून दम लागला होता, पण चेहरा फुललेला. बरोबर पेढे, नवं टोपरं आणि एक बाळाचं झबलं, दगडाला घालायचं. बारशाला वरवंटा सजवून पाळण्याखालून-वरून देतात, 'कुणी गोविंद घ्या' म्हणतात, मग बाळाशेजारी निजवतात. तो बाळाचा मोठा भाऊ.

काकांनी भोईरांचा पाटा-वरवंटा आधीच पुसून ठेवला होता. आजींनी वरवंट्यावर हात ठेवला आणि काढला.

"यो नाय."

"आजी, हाच. बघा, वहीत—"

"यो मिरचीचा हाय. मी तुला दोन दिलेले. पोराचा येगला. तिखट दगड पोराचे कानाशी कोन ठेवील? माझे सासूनं टाकी मारून घेतलेला, त्यावर कदी मीठ पन वाटला नाय. माझा नवरा त्याचेसंगं निजला, माझी पाच पोरं निजली. कुटं हाय त्यो?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मग वहीकडे पाहिलं. मला कळलं होतं. ज्याला मी नवा म्हटलं, तो सगळ्यांत जुना होता. हातांनी झिजला नाही तो यासाठी की त्याला जपलं होतं.

"आजी," काका म्हणाले, "माझ्याकडून विकला गेला."

आजी पेढे घेऊन परत गेल्या. दाराशी एवढंच म्हणाल्या, "पोराचा नाव नाय ठेवणार मी. मोठा आल्याबिगर नाय."

कमिटीची मीटिंग झाली. मी चहा देत होते. निवड कुणी केली, असं मॅडमनी विचारलं. काका म्हणाले, "मी." कुणी म्हणालं, एवढी वर्षं स्टोअरला होतात, आणि एक दगड ओळखता आला नाही? काका म्हणाले, "नाही आला." माझ्या हातात ट्रे होता. मी कप गोळा केले आणि बाहेर गेले. तेव्हा बोलले नाही ते आता वहीत लिहून काय होणार आहे, पण लिहिते.

वेबसाइटवाले घेणाऱ्याचं नाव सांगेनात. नियम होता. काकांनी पत्र लिहिलं, ते पुढे पाठवायचं कबूल झालं. पत्रं चार गेली. शहाडहून येताना गाडीतून उतरून ते आधी भोईरांच्या गल्लीत जायचे, अजून पत्ता लागला नाही हे सांगायला. आजी त्यांना पाणी द्यायच्या, बोलायच्या नाहीत. बाळाला घरात सगळे 'बाबू' म्हणत होते. कागदावर काहीतरी नाव होतं, पण आजी ते तोंडानं घेत नव्हत्या. नातसून काकांवर चिडलेली. एकदा म्हणाली, "काका, लोक विचारतात, मुलाचं नाव काय. मी काय सांगू, दगड कुरियरनं गेलाय?"

शेवटी पुण्याच्या बाईंचाच फोन आला. या म्हणाल्या. काका सकाळी खोपटहून एसटीनं गेले. बरोबर पिशवीत दुसरा एक चांगला वरवंटा, बदली द्यायला. दुसऱ्या दिवशी मी आले तर पिशवी टेबलावर, वरवंटा तसाच आत.

"भेटल्या नाहीत का, काका?"

"भेटल्या. जेवायला वाढलं." ते हात धुवायला गेले, बराच वेळ धूत राहिले. मग म्हणाले, "त्यांच्याकडे नात झालीय. वरवंट्याला कुंची घातलेली होती, डोळ्यांत काजळ काढलेलं. बाई म्हणाल्या, फ्लॅटमध्ये वरवंटा कुठून आणायचा, म्हणून घेतला. पोरगी त्याच्यावर पाय ठेवून झोपली होती."

"मग?"

"त्यांनीच विचारलं. परत हवाय का तुम्हाला?"

मी पिशवीतल्या वरवंट्याकडे बघितलं.

"मी नको म्हटलं, सुमनताई. तोंडातून तसंच आलं. पोरीच्या पायाखालून काढून कसा आणू?"

मी म्हटलं, आजींना सांगा सापडला नाही म्हणून. एवढंच सांगा. काका म्हणाले, "रोज जाऊन खरं सांगितलं की नाही सापडला. आता सापडल्यावर खोटं सांगू?"

ते त्याच दिवशी गेले. मी बरोबर गेले, ओट्याच्या कडेला उभी राहिले. काकांनी सगळं सांगितलं. पुण्याच्या बाई म्हणाल्यात, हवा तेव्हा दोन दिवसांसाठी घेऊन जा, हेही सांगितलं.

"माझे घरचा मी मागून आनू?" आजी म्हणाल्या.

"आमच्याकडूनही नेणारच होतात, आजी."

"तुझ्याकडं मी ठेवलेला. तिच्याकडं मी नाय ठेवला." मग त्यांनी विचारलं, "पोर कशी हाय तिची?"

"गुटगुटीत."

"नाव?"

काकांनी नाव सांगितलं. आजींनी मान डोलावली. "बरा केलास तू आनला नाय. निजलेल्या पोराचा काढू नये." काकांच्या चेहऱ्यावर जरा उजेड आला. तेवढ्यात आजी म्हणाल्या, "आता माझे दारान येऊ नको."

गल्ली लहान असते. गावं त्याहून लहान. पंधरा दिवसांत पायलीवाले आले, मग जात्यावाले, मग पाळण्याचं घर. कुणी भांडलं नाही. "सहज, घरी असू दे म्हटलं," असं म्हणायचे. मॅडम म्हणाल्या, देऊ नका, कायद्यानं आपलं आहे. काकांनी ऐकलं नाही. प्रत्येक वस्तू पुसायचे, सुतळीनं बांधायचे, जिन्यावर स्वतः एक बाजू धरायचे. "जपून. पाचवी पायरी उंच आहे." वर नवा स्लॅब, नवा रंग, नव्या ट्यूब. खाली कपाटं मोकळी. तिथे त्यांनी पुठ्ठे ठेवले नाहीत.

भोईर आजींचा निरोप नातवाबरोबर सगळ्यांत शेवटी आला. रविवारी बारसं. आमचा पाटा-वरवंटा पाठवा. तुम्ही येऊ नका, बाईला पाठवा.

रिक्षात मांडीवर वरवंटा घेऊन मी बसले, पायाशी पाटा, बाजूला काका. गावाच्या कमानीशी त्यांनी रिक्षा थांबवली आणि उतरले. वही माझ्या हातात दिली. "परत मिळालं म्हणून अंगठा घ्या."

घरात बाया जमल्या होत्या. बाळ पाच महिन्यांचं, पाळण्यात मावत नव्हतं, कड धरून पालथं व्हायला बघत होतं. आजींनी वरवंटा तीनदा पाण्यानं धुतला, मग दुधानं, मग वास घेतला. "जाईत नाय मिरची," म्हणाल्या. "चल. मिरचीचा तर मिरचीचा. पोर पलायला लागल तवर थांबू काय?" टोपरं घातलं, झबलं घातलं.

मी आजींच्या जवळ गेले. कसं बोलले कोण जाणे. म्हटलं, "आजी, तो मी निवडला होता. काकांनी नाही. मला नवा वाटला."

आजींनी माझ्याकडे पाहिलं. "ठाव हाय मना. पुरुषमानसाला काय कलते त्याचा? हात फिरवून बाईच सांगते." मग हळू आवाजात, "चार मान्सांत त्याला बोल खाऊ दिलंस मग?"

मी वही पुढे केली. त्यांनी पान पाहिलं, वाचता येत नसलं तरी पाहिलं. "दोन दिलेले. एक आला. अंगठा नाय."

मी निघाले तेव्हा दुपार चढली होती. वाटलं, काका गेले असतील. कमानीच्या सावलीतही नव्हते, रस्त्यापलीकडे उन्हात उभे होते. मी वही दिली, अंगठा नाही हे सांगितलं. त्यांनी पान उघडलंच नाही. "बरोबर आहे त्यांचं." मी काय कबूल केलं तेही सांगितलं. ते माझ्यावर पहिल्यांदा रागावले. "कशाला? त्या नोंदीखाली सही माझी आहे." मग लगेच, "नाव काय ठेवलं?"

मी सांगितलं. त्यांनी ते एकदा स्वतःशी म्हणून पाहिलं.

"रडलं?"

"थोडं. कान लाल झाला."

"होणारच," ते म्हणाले.

खोपटची बस आली. त्यांनी मला चढवलं, म्हणाले, मी मागच्यानं येतो. त्या दिवसानंतर मी त्यांना पाहिलं नाही. किल्ली त्यांनी मॅडमकडे पाठवली, ते नाशिकला मुलीकडे गेले, तिथेच वारले. त्या दिवशी बस वळताना मी खिडकीतून मागे बघितलं. ते थांब्यावर नव्हते. रस्ता ओलांडून पुन्हा कमानीपर्यंत गेले होते, आत नाही, बरोबर बाहेर. बाया आत गाणी म्हणत असणार. चपला पायात, वही काखेत, मान जरा वाकडी करून ते ऐकत होते.